खळ्यावरची सभा

निवडणूक जवळ आली की मुरूडच्या एसटी स्टँडसमोर चहा पिताना मला हमखास कुणी तरी विचारतं, "इक्बालभाई, यंदा कोण?" मी मांडववाला आहे, ज्योतिषी नाही, हे सांगून बघितलं. लोक ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की सगळ्या पक्षांचे मांडव तूच घालतोस, तेव्हा आतली खबर तुला असणारच. खरं सांगायचं तर कोण येणार हे मला आजवर एकदाही कळलेलं नाही. कोण घाबरलाय, हे मात्र सगळ्यांच्या आधी कळतं. ते ऑर्डरमध्येच दिसतं.

ज्याला स्वतःची खात्री असते ते गिऱ्हाईक सोपं. मैदान सांगतो, तारीख सांगतो, कापडाचा रंग सांगतो आणि फोन ठेवतो. ज्याच्या पायाखालची वाळू सरकायला लागलेली असते तो पुन्हा पुन्हा फोन करतो. आधी स्टेज मोठं सांगतो, कारण रुसलेल्या सगळ्यांना वर बसवायचं असतं. मग लहान कर म्हणतो, कारण रुसलेले येणारच नाहीत हे एव्हाना कळलेलं असतं. खुर्च्या मुद्दाम कमी मांडायला लावतो, म्हणजे माणसं उभी राहतात आणि फोटोत गर्दी दाट दिसते. आणि जो अगदीच कोंडीत सापडलेला असतो तो म्हणतो, "इक्बाल, कापड पांढरं लाव."

या पांढऱ्या कापडाची गंमत सांगायला हवी. आमच्या धंद्यात प्रत्येक पक्षाच्या रंगाची झालर वेगळी बांधून ठेवावी लागते, कारण एकाची झालर दुसऱ्याच्या सभेला गेली तर मारामारी व्हायची. पांढरं कापड आम्ही शोकसभेला वापरतो. काही वर्षांपूर्वी वरती मुंबईत पक्ष फुटले, एकाचे दोन झाले, आणि कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे हे कुणालाच कळेना. त्या दिवसांत दत्तूशेठनी मला निव्वळ पांढरा मांडव सांगितला, तेव्हा मी आधी घाबरून विचारलं होतं, "शेठ, घरात सगळे बरे आहेत ना?"

दत्तूशेठ आमच्या तालुक्यातले जुने पुढारी. सुपारीची वाडी, किनाऱ्यावर एक लॉज, आणि मी धंद्यात शिरलो तेव्हापासूनचं माझं गिऱ्हाईक. त्या पांढऱ्या मांडवात त्यांनी आईचं पुण्यस्मरण ठेवलं होतं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तोवरची सगळी पुण्यस्मरणं घरातल्या घरात चार माणसांत उरकली होती. त्या वर्षी मात्र अख्ख्या तालुक्याला आवतण. फुटलेल्या पक्षाचे दोन्ही बाजूंचे लोक आले, कारण कुणाच्या आईच्या पुण्यस्मरणाला जाऊ नये असं कुठलाही पक्ष सांगू शकत नाही. शेठ आईच्या फोटोशेजारी हात जोडून बसले आणि कोण कोणाच्या बाजूला बसतो, कोण कोणाला टाळतो, ते बघत राहिले. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत कोण कुठे आहे ते त्यांना कळलं होतं, आणि ते स्वतः कुठे आहेत ते कुणालाही कळलं नव्हतं. आईने गेल्यावरही मुलाला सांभाळलं, असं माझ्या मागे कुणी तरी भात कालवता कालवता बोललं.

त्यानंतर बॅनरचीही तऱ्हा बदलली. पूर्वी वरच्या नेत्यांचे चेहरे बॅनरवरच छापलेले असत. आता चेहरे वेगळे छापायचे आणि मागे चिकटपट्टी लावायची. दुपारी काही घडलं तर संध्याकाळी चेहरा बदलता आला पाहिजे. मुंबईत ही युक्ती चालत असेल, आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यापुढे चिकटपट्टीचं काही चालत नाही. एका बंदरावरच्या सभेत भाषण रंगात आलेलं असताना एका मोठ्या नेत्याचा चेहरा सुटला, तरंगत खाली आला आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याच्या मांडीवर पडला. त्याने शांतपणे घडी घातली आणि पिशवीत टाकली. शेजाऱ्याने विचारलं तर म्हणाला, "असू दे, लागंल कवा तरी."

आमच्या घरी ईदला शीरखुर्मा प्यायला कोण येतं आणि दारातूनच कोण हात हलवून जातं, यावरूनही मला हवेचा अंदाज येतो. माझी बीबी त्यावरूनच भांडं किती मोठं चढवायचं ते ठरवते. एक वर्ष असं आलं की सगळेच आले. तिने मला आत बोलावून विचारलं, "यांच्यातल्या कुणालाच काही ठाऊक नाही वाटतं?"

तसंच होतं. निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या होत्या. आरक्षणाचं प्रकरण कोर्टात, पंचायत समितीत प्रशासक बसलेला, आणि पुढाऱ्यांना आपला मतदारसंघ कुठला, चिन्ह कुठलं, शत्रू कोण, यातलं काहीच सांगता येत नव्हतं. या माणसांचा मला पूर्वी राग यायचा. सकाळी एका झालरीखाली शपथ घेतात आणि संध्याकाळी दुसरीखाली. पण इतकी वर्षं स्टेजच्या मागे उभं राहून माझं मत हळूहळू बदललं. वारा फिरला की फिरणारा माणूस वाईट बाजूला फिरतो तसाच चांगल्या बाजूलाही फिरू शकतो. त्याला तिकडे फिरवणारं कुणी तरी समोर लागतं. हे मला ज्या प्रकरणात कळलं, तेच सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

मुरूडपासून थोड्या अंतरावर एक कोळीवाडा आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं मला अजून ताजी मासळी देतात. वाड्याच्या पुढ्यात, घरं आणि समुद्र यांच्यामध्ये, एक सपाट मोकळी जागा आहे. तिला खळं म्हणतात. तिथे बायका मासळी सुकवतात. जवळा खाली पसरतात, आणि बांबू उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, त्यांवर बोंबील लटकवतात. या सांगाड्यांना त्या वलांड्या म्हणतात. माझे जुने, मांडवाला न चालणारे बांबू तिथेच जातात. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा घर चालतं ते या सुकटीवर. पुरुष पकडतात ते ताजं, बायका साठवतात ते सुकं. खळं गेलं तर बायकांच्या हातचा धंदाच गेला, कारण वाड्यात दुसरी सपाट जागा नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी.

या खळ्यावर पार्किंग करायचा बेत निघाला होता. पर्यटकांच्या गाड्या वाढल्या होत्या, शनिवार-रविवारी रस्ता तुंबायचा, आणि खळ्यापासून चार पावलांवर दत्तूशेठचं लॉज होतं. फरशी, दिवे, फोटो काढायला एक कमान, असा सगळा आराखडा तयार होता. कागदोपत्री ती जागा कोळ्यांची नव्हतीच, पिढ्यान्‌पिढ्या नुसती वापरातली होती. शेठ लॉजवाल्यांच्या बैठकीत पार्किंग होणार म्हणून सांगत आणि कोळीवाड्यात गेले की 'बघू या' म्हणत.

कोळीवाड्यात हिराबाय होती. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नव्हता, त्याला खूप वर्षं झाली. सुकटीवर तिने दोन मुली वाढवल्या, लग्नं करून दिली. खळ्यावर कुणाच्या वलांड्या कुठे उभ्या करायच्या हे तीच ठरवायची आणि तिचं बोलणं कुणी मोडत नसे. पार्किंगची बातमी कळल्यावर ती तहसीलला जाऊन आली, पंचायतीत जाऊन आली. सगळीकडे तिला बसायला खुर्ची मिळाली आणि उत्तर मिळालं नाही.

अखेर निवडणुका लागल्या आणि सोडतीत आमचा पंचायत समितीचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव निघाला. दत्तूशेठनी आयुष्यभर ज्या जागेची वाट बघितली ती अशी हातची गेली. त्यांनी दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोचं नाव जाहीर केलं.

अश्विनीवहिनी लग्नाआधी बालवाडीत शिकवायच्या. नंतर लॉजचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे आलं आणि त्या कधी स्टेजवर दिसल्या नाहीत. मला त्या आठवतात त्या मांडवाच्या माणसांना आठवणीने ताक पाठवणाऱ्या म्हणून. प्रचारात त्यांनी एक कागद वाचून दाखवायचा आणि बाकीचं शेठनी बोलायचं, असं ठरलेलं होतं. बॅनरवरही वहिनींपेक्षा शेठचाच फोटो मोठा होता.

कोळीवाड्यातल्या सभेची तारीख शेठनी सांगितली तेव्हा मी चमकलो. आमच्या किनाऱ्यावर कोळीवाड्यातली सभा, साखरपुडा, पूजा, जे काही असेल ते भांगात ठेवतात. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. भरती-ओहोटीला जोर नसतो, त्यामुळे डोल जाळ्यात मासळी शिरत नाही, होड्या किनाऱ्याला असतात आणि माणसं मोकळी असतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. तेव्हा पाण्याला ओढ असते आणि पुरुषमंडळी समुद्रावर. शेठनी सांगितलेली तारीख ऐन उधाणातली होती. इथे जन्मलेल्या माणसाकडून अशी चूक व्हायची नाही, म्हणून मी त्यांना तसं म्हटलं.

"म्हणून तर," शेठ म्हणाले. "बाप्ये असले की पार्किंगचं विचारतील. आत्ता हो म्हटलं तरी अडचण, नाही म्हटलं तरी अडचण. सभा झाल्याचे फोटो निघाले म्हणजे पुरे."

मला त्यांचं कौतुकच वाटलं. अडचणीच्या प्रश्नापासून पळायला पंचांग वापरणारा पुढारी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

सभेच्या दिवशी सकाळी बांबू आणि कापड घेऊन टेम्पो कोळीवाड्यात नेला. मांडव घालण्यासारखी जागा खळं सोडून दुसरी नव्हतीच, आणि खळं तर भरलेलं. उधाणाची मासळी, वलांड्या वाकल्या होत्या. माझ्या माणसांनी बायकांना जरा जागा करून द्यायला सांगितलं. हिराबाय पुढे आली.

"इक्बालभाय, मांडव घाल. आमी कवा नको बोललो? पन बोंबील हलवायचं न्हाय."

मी तिला समजावलं की मावशी, दोन तासांचा प्रश्न आहे, नंतर माझी माणसंच परत लटकवून देतील. तिने मान हलवली. अर्धवट वाळलेला बोंबील हाताळला की तुटतो, हे मला माहीत होतं. शिवाय तिच्या मनात वेगळंच होतं. ती म्हणाली, "त्या लोकांनी ही जागा रिकामीच बघितली कागदावर. आज भरलेली बघू दे."

मी म्हटलं, निदान वरून कापड तरी घालू दे. त्यालाही नकार, कारण सावलीत बोंबील वाळत नाही, कुजतो. शेवटी मी हात टेकले आणि जन्मात घातला नव्हता असा मांडव घातला. कडेने छप्पर आणि मधोमध उघडं आकाश. स्टेज एका टोकाला, खुर्च्या वलांड्यांच्या मधल्या वाटांत दोन-दोन, तीन-तीन अशा. जवळ्याच्या भोवतीने दोरी. मुंबईहून प्रचारासाठी पाठवलेला एक तरुण मोबाइलवर फोटो काढायला आला आणि नाकाला रुमाल लावून टेम्पोत जाऊन बसला.

दुपारी शेठ आणि वहिनी आले तेव्हा शेठच्या चेहऱ्यावर मी प्रथमच गोंधळ पाहिला. पुरुष समुद्रावर होते ते ठरल्याप्रमाणे. पण खळं बायकांनी भरलं होतं. म्हाताऱ्या, सुना, माहेरपणाला आलेल्या लेकी, सगळ्या. उधाणात पुरुष नसतात हे शेठना माहीत होतं. उधाणात बायका कुठे असतात, हा विचार त्यांच्या इतक्या वर्षांच्या राजकारणात त्यांना कधी करावा लागला नव्हता. बायका याच जागेवर असतात, कारण मासळी तेव्हाच वाळवायची असते. आणि यंदा जागाही बायकांची, उमेदवारही बाई.

वहिनींनी कागद वाचला. रस्ते, पाणी, महिलांचं सक्षमीकरण. मग शेठ उठले आणि दिवंगत नेत्यांची नावं घेऊ लागले. हिराबाय स्टेजपाशी आली आणि तिने माझ्याकडे हात पुढे केला. माइक कुणाला द्यायचा हे मी ठरवत नाही, ज्याची ऑर्डर त्याचा माइक. मी शेठकडे पाहिलं. एवढ्या बायकांसमोर नाही म्हणता येईना, म्हणून त्यांनी मान हलवली.

ती एवढंच म्हणाली, "शेट, पार्किंग व्हनार का न्हाय व्हनार?"

शेठ खाकरले. इतकी वर्षं त्यांची भाषणं ऐकल्यामुळे मला त्या खाकरण्याचा अर्थ कळतो. ते बाजू बदलायच्या आधी खाकरतात. मग म्हणाले की पार्किंग झालंच पाहिजे, पण खळ्यावर करा असं मी कधी म्हणालो, वरती रस्त्याला लागून पडीक जागा आहे, तिथे करू. सहा महिने ज्या आराखड्याची त्यांनी पाठराखण केली तो त्यांनी एका वाक्यात डोंगरावर चढवला. बायका हसल्या. हिराबाय हसली नाही.

"तुमी आज हितं हाव, उद्या कुठं असाल कुनाला ठावं," ती म्हणाली. "वयनी, तुमी सांगा."

वहिनींनी कागदाकडे पाहिलं. त्यात याचं उत्तर नव्हतं. त्यांनी तो घडी करून खुर्चीवर ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या. आवाज इतका हळू होता की मी धावत जाऊन माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

"मला अजून काही येत नाही," त्या म्हणाल्या. "पार्किंग थांबवीन असं म्हणाले तर तुम्हाला पटेल का? मलाच पटत नाही. पण मला मिळणार आहे ते एक मत. ते कुठेही द्यायची वेळ आली, तर तुम्हाला विचारल्याशिवाय मी हात वर करणार नाही. एवढं मी सांगू शकते."

शेठनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, छान भाषण झालं.

वहिनी निवडून आल्या. आता आमच्या पंचायत समितीची गोष्ट अशी की तालुका लहान, सदस्य मोजके. निकाल लागला तर दोन्ही बाजूंना सारखे. सभापती कुणाचा, हे एका मतावर आलं. वहिनी एका बाजूच्या चिन्हावर आलेल्या होत्या, आणि शेठची दुसऱ्या बाजूशी बोलणी सुरू झाली होती, हे त्यांनी फोनवर माझ्याकडे दोन्ही रंगांच्या झालरी मोकळ्या आहेत का अशी सहज चौकशी केली तेव्हाच माझ्या लक्षात आलं. अशा वेळी राजकारणात एक रिवाज आहे. सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला नेतात. महाबळेश्वरला किंवा आणखी कुठे, एखाद्या रिसॉर्टवर. फोन काढून घ्यायचे, मतदानाच्या सकाळी थेट सभागृहात आणायचं. दोन्ही बाजूंच्या गाड्या शेठच्या दारात यायच्या होत्या. त्यातली जी शेठ सांगतील तिच्यात वहिनींनी बसायचं होतं.

गाड्या आल्या तेव्हा वहिनी घरात नव्हत्या. शेठचा मला फोन आला, कारण मी त्या दिवशी कोळीवाड्याजवळ एका हळदीचा मांडव सोडत होतो. मी खळ्यावर जाऊन पाहिलं तर वहिनी बायकांत बसून जवळ्यातला कचरा निवडत होत्या. बॅग शेजारी होती. मला म्हणाल्या, "सहलीलाच आलेय असं सांगा त्यांना."

शेठ आले. खळ्याच्या कडेला उभे राहिले, कारण आत यायला जवळ्यातून वाट नव्हती. बायकांसमोर आवाज चढवता येत नव्हता.

"घरी चल," ते म्हणाले.

"मी यांना विचारल्याशिवाय हात वर करणार नाही असं म्हटलं होतं. तुम्ही तिथेच बसला होतात."

"अगं, ते भाषण होतं."

"अहो, तुमचं भाषण होतं," वहिनी म्हणाल्या. "माझं नव्हतं."

मी मांडववाला. इतरांच्या घरच्या गोष्टी मी ऐकतो आणि विसरतो. ही विसरता आली नाही. मला खरंच वाटलं की आता शेठ त्यांना हात धरून ओढतील किंवा रडतील. दोन्हीपैकी काही झालं नाही. त्यांनी एकदा रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही तरी परत आलं. सगळे सदस्य लपवले गेलेले असताना आपलं मत उघड्यावर बसलंय, आणि एवढ्या बायकांच्या मधून ते कुणी उचलून नेऊ शकत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते खाकरले.

"इक्बाल," ते म्हणाले, "थोड्या खुर्च्या आण. ज्याला मत हवंय त्याला इथेच येऊ दे."

आणि आले की. आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे. इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, जवळा चुकवत, वलांड्यांखालून वाकून. ज्या हिराबायला तहसीलला उत्तर मिळालं नव्हतं तिच्यासमोर तालुक्याचं सगळं राजकारण प्लास्टिकच्या खुर्चीत बसून घाम पुसत होतं. तिचं म्हणणं एकच. ग्रामसभेत जागा बदलल्याचा ठराव करा, खळं मासळी सुकवायला राखून ठेवा, मग वहिनी हात वर करतील. जे आधी करतील त्यांच्या बाजूने. एका बाजूने तात्त्विक मंजुरी देऊ केली. दुसऱ्या बाजूने ग्रामसभा बोलावून ठराव करून टाकला. मतदानाच्या सकाळी वहिनी कोळीवाड्यातून एसटीने गेल्या. हिराबाय आणि आणखी दोघी त्यांच्याबरोबर होत्या. सभापती कुणाचा झाला ते लिहीत नाही, त्यांच्याकडून अजून ऑर्डरी यायच्या आहेत.

त्यानंतर आठवड्याभरात मी कोळीवाड्याच्या तोंडाशी एक मोठा बॅनर बांधला. 'खळ्याच्या रक्षणासाठी सदैव तत्पर' आणि खाली दत्तूशेठचा हसरा फोटो. दोरी आवळताना मलाच लाज वाटली. मी हिराबायला म्हटलं, "मावशी, हे तुला चालतं?"

"लावू दे," ती म्हणाली. "पावसापतुर टिकंल."

आता मीही फार दिवस टिकणार नाही, म्हणजे धंद्यात. गुडघे शिडी चढू देत नाहीत. मुलगा दोह्यात आहे, त्याला बांबूंत रस नाही, आणि मीही त्याला कधी बोलावलं नाही. गोडाऊन विकायचं मनात आहे. खंत एकच आहे. आयुष्यभर सभांचे मांडव घातले, पण एकही सभा पुढून, लोकांत बसून पाहिली नाही. कायम मागे, वायरी आणि दोऱ्या सांभाळत. मांडव सोडला की त्याखाली दिलेले शब्दही सुटायचे, आणि त्याची इतकी सवय झाली होती की एखादा शब्द जागेवर टिकतो, हे पाहायला मला साठी ओलांडावी लागली. पण पाहिलं. ते पाहिलं नसतं तर धंदा सोडताना मन कडवट झालं असतं.

परवा सोडे आणायला कोळीवाड्यात गेलो होतो. वरती रस्त्याला लागून नवं पार्किंग झालंय, पण बाहेरच्या माणसांना ते माहीत नसतं. मी बसलो होतो तेवढ्यात मुंबईची एक मोठी पांढरी गाडी उताराने खाली आली आणि थेट खळ्याच्या तोंडाशी थांबली. चालकाने काच खाली करून विचारलं की इथे लावली तर चालेल ना. हिराबाय बोंबील लटकवत होती. ती थांबली नाही, वळलीही नाही. "न्हाय," एवढंच म्हणाली आणि पुढचा बोंबील उचलला. गाडी मागे मागे जात वर रस्त्याला लागली.